‘च’चे इंग्रजी

चेन्नईतील सौकारपेठ हा जुना व्यापारी भाग आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी जी मराठी कुटुंबे देशभर पांगली, त्यांतील काही येथेही स्थिरावली. गलाई व्यवसायातील ही माणसे घरी मराठी बोलतात, बाजारासाठी तमिळ आणि हिंदी आत्मसात करतात आणि या भाषा न जाणणारा कोणी समोर आला की इंग्रजीचा आधार घेतात. शाळा अर्ध्यावर सोडून भट्टीपुढे बसलेल्याला हे इंग्रजी पुस्तकातून मिळत नाही; ते कानावाटे येते. असा एखादा कारागीर ‘हे सोनेच आहे’ हे ठासून सांगताना ‘धिस इज गोल्ड ओन्ली’ असे म्हणतो. चेन्नईच्या माणसाला त्याचा अर्थ तत्काळ कळतो. लंडनहून आलेल्या पाहुण्याला मात्र त्यात ‘हे केवळ सोने आहे’ असा, काहीसा कमीपणाचा सूर ऐकू येतो. शब्द तोच, पण एकाला ग्वाही वाटते आणि दुसऱ्याला उणीव.

या ‘ओन्ली’ची थट्टा करण्याची सुशिक्षितांना फार हौस. वास्तविक हा प्रमाद अडाणीपणातून घडत नाही. मराठी माणूस जोर द्यायचा असेल त्या शब्दाला ‘च’ चिकटवतो. मीच, आजच, सोनेच. तमिळ भाषेची रीतही अशीच आहे. ‘नान् तान्’ म्हणजे मीच, ‘इन्रे’ म्हणजे आजच. ‘तान्’ हा शब्द आणि ‘ए’ हा प्रत्यय जोर द्यायच्या शब्दामागून येतात. त्यामुळे दोन्ही भाषांतील माणूस इंग्रजी बोलू लागला की त्या शेवटच्या जागेवर काहीतरी ठेवण्याची त्याला ओढ लागते. ‘मीच’चे ‘आय ओन्ली’ होते आणि ‘आजच’चे ‘टुडे इटसेल्फ’. यात एक पक्के व्याकरण आहे. फक्त ते इंग्रजीचे नव्हे.

खरी अडचण होते ती आश्चर्य व्यक्त करताना. पाऊस कोसळत असताना, येणार नाही असे गृहीत धरलेला मित्र दारात उभा राहतो. मराठी माणूस उद्गारतो, ‘अरे, तू आलासच की!’ यातील ‘च’ आणि ‘की’ हे दोन चिमुकले शब्द काढून टाका. उरते ती कोरडी नोंद : तू आलास. वाट पाहणे, आशा सोडणे आणि मग झालेला आनंद, हे सारे त्या दोन अक्षरांत साठवलेले असते. तमिळ माणूस अशा वेळी क्रियापदाला ‘ए’ लावतो, ‘वन्दुट्टाने!’ म्हणजे ‘आला की हा!’

इंग्रजीत येथे ‘यू केम ओन्ली’ म्हणून भागत नाही. इंग्रजी बोलणारा ‘सो यू डिड कम!’ असे म्हणतो आणि ‘डिड’वर आवाज चढवतो. ज्या ‘डिड’ची ओळख शिकणाऱ्याला केवळ प्रश्न आणि नकार यांपुरती करून दिलेली असते, तोच येथे ‘च’चे काम करतो. शब्दांची जागाही बदलते. ‘त्याने पैसेसुद्धा परत केले’ यात ‘सुद्धा’ मागून येते. इंग्रजीतील ‘ईव्हन’ पुढे जाऊन उभा राहतो. तो नेमका कोठे उभा राहतो याला महत्त्व आहे. ‘ही ईव्हन रिटर्न्ड द मनी’ यात पैसे परत करण्याचे नवल आहे. ‘ईव्हन ही रिटर्न्ड द मनी’ म्हटले की त्या माणसाच्याच प्रामाणिकपणाविषयी आधी शंका होती असे ठरते! ‘तू हे केलेस तरी कसे?’ यातील ‘तरी’साठी इंग्रज ‘हाउ ऑन अर्थ’ म्हणतो, तेव्हा पृथ्वीचा तेथे काहीही संबंध नसतो. आणि ‘रिअली’ हा एकच शब्द आवाजाच्या चढउतारानुसार ‘खरंच?’, ‘हो का!’ किंवा ‘पुरे झाल्या थापा’ असा कोणताही अर्थ देऊ शकतो. जे मराठीत प्रत्ययावर सोपवता येते, ते इंग्रजीत बरेचसे सुरावर सोपवावे लागते.

इंग्रजी शिकवणारी बहुतेक पुस्तके मात्र काळांचे तक्ते आणि वाच्यपरिवर्तन यांतच रमलेली असतात. हे छोटे शब्द किरकोळ समजून सोडून दिले जातात आणि मग मुलाखतीच्या खोलीत त्यांचीच किंमत मोजावी लागते. उत्तर बरोबर असूनही उमेदवार निर्विकार किंवा फटकळ वाटतो. ‘भारतीय इंग्रजी अशीच असते, बदलण्याचे कारण नाही’ असे म्हणणे उदार वाटते. परंतु तसे म्हणणाऱ्यांना स्वतःला दोन्ही प्रकार येत असतात. ज्याला एकच येतो, त्याला हा उपदेश परवडत नाही.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असेही नाही. तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची करणारा, मद्रास इलाख्यातील अधिकारी आर्थर बर्नेल याने हेन्री यूल याच्यासह अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश रचला. बर्नेलच्या निधनानंतर, १८८६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात ‘बॉबरी-बॉब’ अशी एक नोंद आहे. हा आपला ‘बाप रे बाप’! भारतात राहिलेल्या इंग्रजांना चकित होण्यासाठी स्वतःचे उद्गार अपुरे पडले असावेत. पुढे २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात ‘अय्यो’लाही स्थान मिळाले. चेन्नईच्या रस्त्यावर दिवसभर कानी पडणारा हा उद्गार आता इंग्रजी शब्द म्हणूनही गणला जातो. ‘ओन्ली’ची गोष्ट वेगळी. ‘अय्यो’ नवा असल्याने त्याचा अर्थ नव्याने विचारला जातो. ‘ओन्ली’ मात्र ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असतो आणि म्हणून तो न विचारताच चुकीचा अर्थ घेऊन मोकळा होतो.

सौकारपेठेतील कारागिराने तमिळ गिऱ्हाइकाला ‘गोल्ड ओन्ली’ म्हणून ग्वाही द्यावी. त्यात काहीच वावगे नाही. परक्या माणसासमोर मात्र ‘इट इज गोल्ड’ म्हणताना ‘इज’वर जोर द्यावा. ‘ओन्ली’ची निश्चित जागा धनादेशावर, अक्षरी रकमेच्या शेवटी आहे. तेथे त्याचा अर्थ लंडनला आणि विट्याला सारखाच लागतो : फक्त.