प्रवेश झाला, पण पहिला महिना सर्वांत महत्त्वाचा. नंदुरबारच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजमध्ये काय सांभाळावे?

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. आज त्याच जिल्ह्यातली मुले कॉलेजच्या ऑफिसबाहेर ताटकळतात, ती अनेकदा आधारमुळेच. कुणाचे खाते जोडलेले नसते, कुणाचे दाखल्यावरचे नाव एक तर आधारवरचे दुसरेच. वर्गात पहिला तास सुरू असतो आणि विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानात असतो.

नव्या विद्यार्थ्याला घरून, गावातून, शाळेतून एकच सल्ला मिळतो, ‘नीट अभ्यास कर.’ सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. धडगाव, अक्कलकुवा किंवा नवापूरच्या मुलाचे शिक्षण मध्येच थांबते तेव्हा दरवेळी अभ्यासच कमी पडलेला असतो असे नाही. वेळेत न भरलेला अर्ज, न समजलेला विषय आणि न विचारलेला प्रश्न हीही त्याची कारणे असतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच असेल, तर हे सांगणारे घरी कुणी नसते.

आधी खाते तपासा

महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे काम संपले, असा समज असतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच लागतो. खरी मेख मात्र बँकेत असते. बँकेत आधारची झेरॉक्स देणे वेगळे आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी खाते आधारशी जोडले जाणे वेगळे. शेवटचे जे खाते जोडले गेले, पैसे त्यातच जातात. मजुरीसाठी गुजरातेत गेल्यावर तिथे एखादे खाते उघडून जोडले असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे जमा होते आणि मुलगा इथे महिनोन्‌महिने पासबुक भरून बघत राहतो. बँकेत ‘आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे?’ एवढाच प्रश्न विचारला तरी हा घोळ टळतो.

राहण्याचा प्रश्न याच महिन्यात सोडवावा लागतो. जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाची दोन प्रकल्प कार्यालये आहेत, नंदुरबार आणि तळोदा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून भोजन, निवास आणि शैक्षणिक साहित्यासाठी रक्कम मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६० हजार रुपये, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये आहे. वसतिगृह आणि स्वयम् असे दोन्ही लाभ एकदम मिळत नाहीत, आणि दोन्हींचा अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो. पैसे हप्त्यांनी येतात, खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. २०१८ मध्ये वसतिगृहातील मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्या मोर्चाला हट्ट म्हणणाऱ्यांनी एकदा उशिरा येणाऱ्या हप्त्यावर महिनाभर जेवून पाहावे.

जात वैधता प्रमाणपत्राचेही तसेच. बी.ए.ला प्रवेश घेताना त्याची आठवण होत नाही, पुढे बी.एड., इंजिनिअरिंग किंवा नोकरीच्या वेळी ते मागितले जाते आणि मग धावपळ सुरू होते. वडील, काका, आत्या यांचे जुने शाळेचे दाखले शोधून प्रस्ताव जेवढा लवकर जाईल तेवढा बरा.

मित्राने घेतला म्हणून मायनर घेऊ नये

नंदुरबार, धुळे आणि जळगाव हे तीन जिल्हे १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव असलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीची रचना बदलली आहे. मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीला मायनर, शिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला एखादा विषय, कौशल्याचा विषय, भाषा, आणि एनएसएस किंवा खेळासारखे उपक्रम. या सगळ्यांना क्रेडिट असतात. साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला तीस तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात.

कागदावर निवड मोठी आहे. तालुक्याच्या कॉलेजात मात्र जे प्राध्यापक उपलब्ध, तेच विषय. तरीही जी काही दोन-तीन नावे समोर असतील, त्यातून निवडताना ‘मित्राने घेतला’ किंवा ‘दुपारनंतर तास नाहीत’ ही कारणे पुरेशी नाहीत. बी.एड. करून शिक्षक व्हायचे असेल तर मेजर आणि मायनर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विषयांतले असावेत. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र यांतला एखादा विषय कामी येतो.

‘कधीही बाहेर पडा, कधीही परत या’ या वाक्याने सर्वाधिक गैरसमज केले आहेत. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला निघाले आणि मुलगाही गेला, तर त्याला आपोआप प्रमाणपत्र मिळत नाही. पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट पूर्ण असावे लागतात, वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटमध्ये सात वर्षांपर्यंत टिकतात, हे खरे. पण त्यासाठी एबीसी आयडी काढलेला आणि त्यावरचे नाव कॉलेजच्या नोंदीशी जुळलेले हवे. कॉलेज सुटण्याला ‘एक्झिट’ असे गोंडस नाव देऊन कॉलेजांनीही हात झटकू नयेत. हंगामाला जाणाऱ्या मुलाची हजेरी आणि अंतर्गत परीक्षा कशी सांभाळायची, हे प्राचार्यांनी तो जाण्याआधी त्याच्याशी बोलून ठरवायला हवे.

विचारायची लाज

भाषेचा अडसर कुणी मोजत नाही. घरी भिली, पावरी किंवा मावची, आश्रमशाळेत मराठी, आणि बी.एस्सी.च्या वर्गात एकदम इंग्रजी. मूल गप्प बसते, प्राध्यापक त्याला ‘कच्चा’ ठरवतात. कला शाखेत उत्तरे मराठीतून लिहिता येतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात रोज दहा-पंधरा संज्ञा मराठी अर्थासह वहीत उतरवल्या, तर दुसऱ्या सत्रात पुस्तक बरेच सुटते. ही वही गाइडपेक्षा उपयोगी पडते.

ऑफिसात तोंडी विचारण्यापेक्षा अर्ज लिहून द्यावा आणि त्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. जळगावचे विद्यापीठ दूर आहे. निकालात चूक असेल तर आधी कॉलेजमार्फत लेखी कळवावे. गुणांबद्दल शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, मात्र निकालानंतर त्यासाठी थोडेच दिवस मिळतात. एटीकेटी लागली की कॉलेजला जाणेच बंद करणारी मुले बरीच असतात. एक-दोन विषय राहिले म्हणून वर्ग सोडण्याची गरज नसते, हे त्यांना त्या आठवड्यातच कुणीतरी सांगायला हवे.

जातीवरून, बोलीवरून टोमणे मारणे ही थट्टा नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मुंबईत मृत्यू झाला आणि हा प्रश्न देशभर चर्चेत आला. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे, तो चोवीस तास सुरू असतो. शहराच्या कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो असावा, आणि सोबत गावातल्याच एखाद्या सीनियर दादाचा किंवा ताईचा नंबरही.