डीएनएची शॉर्टलिस्ट

चार वाजले की पाय आपोआप टपरीकडे वळतात ना? मग कुणीतरी धूर सोडत म्हणतंच, 'काय करणार यार, जीन्समध्येच आहे आपल्या!' (घालायच्या नव्हे, आतल्या.) वाक्य अगदीच खोटं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत व्यसनातला आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास निघतो. पण नेमका कुठे? डीएनएत अक्षरं तीन अब्ज, माणसामाणसांत वेगळ्या असणाऱ्या जागा कोट्यवधी. प्रत्येकीवर लॅब, उंदीर आणि फंड कोण घालवणार? म्हणजे काम थेट एचआरचं. सीव्हींचा ढीग आणि इंटरव्ह्यूला बोलवायचे मोजके चार.

सुरुवातीला इथे चक्क वशिला चालायचा. डोपामाइनचा मजेशी संबंध, मग त्याच्या रिसेप्टरचं जनुक पहिलं आत! १९९० साली ३५ मद्यपी आणि ३५ इतर अशा ७० मृत व्यक्तींच्या मेंदूंचे नमुने तपासून 'दारूचं जनुक' सापडल्याचा गाजावाजा झाला. पुढे इतरांना तो निकाल धड मिळेना. आणि २००४ मध्ये कळलं, तो फरक त्या जनुकात नाहीच, शेजारच्या 'एएनकेके१'मध्ये आहे! कुरिअर शेजाऱ्याच्या घरी, आणि हे कळायला चौदा वर्षं, बॉस.

आता आधी हजारो लोकांचा अख्खा डीएनए चाळतात. तरी घोळ उरतोच, कारण शेजारशेजारची अक्षरं वारशात गठ्ठ्यानेच येतात. एकावर संशय आला की सगळी गँग आत! मग चौकशी सुरू. यातल्या कुणामुळे प्रोटीन बदलतं? ते जनुक मेंदूत चालू असतं का? दुसऱ्या देशातल्या लोकांतही तेच दिसतं का?

या चाळणीतून दिमाखात पास झालेलं नाव म्हणजे 'सीएचआरएनए५'. २००८ मध्ये तीन टीम्सनी पंधराव्या क्रोमोसोमच्या एकाच गल्लीकडे बोट दाखवलं. तिथल्या एका अक्षराने निकोटिन ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचा एक अमिनो आम्ल बदलतो. २०११ मध्ये हे जनुक बंद केलेले उंदीर निकोटिनचा डोस वाढवला तरी थांबेनात. मेंदूतली 'पुरे आता' सांगणारी वायरिंगच ढिली!

आणि या स्टार कॅन्डिडेटचा प्रताप किती? सिगरेट ओढणाऱ्यांत, त्या अक्षराच्या एका प्रतीमागे दिवसाला साधारण एक सिगरेट जास्त. बस्स! टपरीवरची बाकीची एकोणीस कुणाच्या खात्यात टाकायची?

२०१९ मध्ये तब्बल १२ लाख लोकांच्या अभ्यासातून तंबाखू आणि दारूशी जोडलेले ५६६ फरक निघाले. पण ही माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. म्हणून कुणी थुंकी पाठवून 'व्यसनाचा स्कोअर' मागवणार असाल, तर आधी विचारा, तो कुणाच्या डीएनएवरून बेतलाय? शिवाय भारतात धुराच्या तंबाखूपेक्षा चघळायची जास्त चालते. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी २१.४ टक्के चघळणारे, १०.७ टक्के ओढणारे. आता 'दिवसाला किती सिगरेटी' या मापात आपला मावा कुठे बसवायचा, सांगा!