गाडी बोंबलते आणि आपण झोपतो!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून स्वतःच्या (खरं तर बँकेच्या!) सेकंडहँड हॅचबॅकने परभणीला पोचले, तेव्हा काय टेचात होते म्हणून सांगू! वसमत रोडजवळच्या आमच्या गल्लीत गाडी लावली, रिमोट दाबला, ‘टुक टुक’ झालं. पोरीच्या गाडीला अलार्मसुद्धा आहे, हे गल्लीला कळलं.

रात्री जरा जास्तच कळलं. सुतळी बॉम्ब फुटला, गाडी बोंबलली. बॉनेटवर मांजर उडालं, गाडी बोंबलली. तीन रात्री मी गॅलरीत उभी राहून रिमोट दाबला. चौथ्या रात्री सरळ उशी कानावर घेतली.

सकाळी मागची काच फुटलेली. लॅपटॉपची बॅग गायब, त्यात दोन महिन्यांचं काम. शेजारचे काका म्हणाले, “अगं, ओरडत होती की रात्री. आम्हाला वाटलं, रोजचंच आहे!”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. अलार्म चोराला पकडत नाही बॉस, तो फक्त लोकांना हाक मारतो. लोकच उठले नाहीत, तर तो नुसता भोंगा!

यंत्रणा तशी साधी आहे. डॅशबोर्डखाली एक छोटा डबा असतो. दार उघडलं की दाराच्या चौकटीतला स्विच त्याला खबर देतो आणि गाडी हादरली की शॉक सेन्सर. डबा मग सायरन वाजवतो. बाहेरून बसवलेल्या बहुतेक अलार्ममध्ये शॉक सेन्सरला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की सेन्सर किती हळवा ठेवायचा, ते ठरतं. माझा सेन्सर भलताच हळवा ठेवला होता.

पण मग चोरांनी गाडी का नेली नाही? स्टिअरिंगखालच्या वायरी तर ओढलेल्या होत्या. मेकॅनिक हसला आणि माझी किल्ली हातात घेऊन म्हणाला, “ह्यामुळं, ताई.” किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्ली फिरवली की इग्निशनभोवतीची कॉइल चिपला जागी करते, चिप आपला कोड सांगते आणि इंजिनचा कॉम्प्युटर तो तपासतो. कोड जुळला नाही, तर इंजिन चालूच होत नाही. हा इमोबिलायझर. युरोपियन युनियनने १९९८ पासून नव्या कार्सना तो बंधनकारक केला. म्हणजे जर्मनीतही हाच आणि परभणीतही हाच!

न बोंबलणाऱ्याने गाडी वाचवली, बोंबलणाऱ्याकडे कुणी बघितलंही नाही.

तेव्हा मंडळी, या वीकेंडला चार कामं करा. एक, शॉक सेन्सर सेट करून घ्या. काचेवर थाप मारा, मग शेजारून ट्रक जाऊ द्या. थापेला वाजावा, ट्रकला नाही. दोन, बॅग सीटवर ठेवू नका. तीन, दुसरी किल्ली गाडीत नको, घरातच जपून ठेवा. गाडी चोरीला गेली, तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले दोन्ही किल्ल्या मागतात. चार, तुमची गाडी बटण दाबून स्टार्ट होणारी असेल, तर किल्ली दाराजवळच्या हुकला लटकवू नका. किल्लीचा सिग्नल घराबाहेरून पकडून गाडीपर्यंत पोचवणारी यंत्रं चोरांकडे असतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा गाडीजवळ नेऊन बघा. दार उघडलं, तर डबा बदला!

निघायच्या आदल्या दिवशी मी गल्लीत घरोघरी फराळ घेऊन गेले. म्हटलं, “काका, स्क्रू फिरवून घेतलाय. आता वाजली, तर खरंच कुणीतरी आहे असं समजा. एक हाक मारा फक्त.”

त्या रात्री गाडी एकदाही वाजली नाही. काका मात्र दोनदा गॅलरीत येऊन बघून गेले.