माशांसाठी पाण्याची पाळी

मंडळी, मृगाचा पहिला दणका बसला आणि ओढ्याला लाल पाणी आले की चढणीचे मासे निघतात, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. घरात म्हातारी 'रात्रीचे जाऊ नका' म्हणत असते आणि पोरे कंदील घेऊन केव्हाच बांधावर पोचलेली असतात. मासा त्या पाण्याची वाटच पाहत असतो. पाणी आले की प्रवाहाच्या उलटा चढतो, अंडी टाकतो. आता वरच्या अंगाला धरण झाले, पूर धरणातच अडला, आणि नदीला पाणी येऊ लागले ते पाटबंधारे खात्याच्या सोयीने, तर त्या माशाने काय करावे?

या प्रश्नाची गोष्ट आज सांगायची आहे ती अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची. गोष्ट दूरची खरी, पण त्या भांडणात एका बाजूला पाटपाण्याचे शेतकरीच उभे होते.

या नदीला पूर येतो तो डोंगरावरचे बर्फ वितळून, मे-जून महिन्यांत. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारे चार मासे या पुरावर जगत. त्यातला पाइकमिनो पूर्वी सहा फुटांपर्यंत वाढे आणि अंडी घालायला दोनशे मैलांचा प्रवास करी. रेझरबॅक सकर नावाच्या माशाच्या पाठीवर नांगराच्या फाळासारखी हाडाची धार असते, आणि तो चाळीस वर्षे जगतो. उरलेले दोन हंपबॅक चब आणि बोनीटेल.

धरणे झाली आणि पूर गेला. धरणाच्या तळातून येणारे पाणी थंडगार, तेही या माशांना मानवेना. त्यात माणसाने आणखी एक उद्योग केला. ग्रीन या उपनदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण बांधताना तिथे शिकारी हौशी लोकांसाठी ट्राउट मासा सोडायचे ठरले. देशी मासा 'कुचकामाचा', म्हणून सप्टेंबर १९६२ मध्ये नदीत आणि तिच्या उपनद्यांत मिळून सातशे किलोमीटरवर रोटेनोन हे विष ओतले. खाली त्या विषाचा उतारा टाकायची तजवीज होती, ती फसली, आणि विष ठरल्या हद्दीपलीकडे वाहत गेले. सरकारी पैशाने हे झाले, आणि पुढे तेच मासे वाचवण्यासाठीही सरकारी पैसाच खर्च होऊ लागला!

१९७३ साली तिथे दुर्मिळ जीवांच्या रक्षणाचा कायदा आला. कायदा कडक. मासा नष्ट होईल असे धरण, असा कालवा चालवताच येणार नाही. शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला. प्रत्येक बंधाऱ्यासाठी कोर्टात उभे राहायचे म्हणजे शेती कोण करणार? शेवटी १९८८ मध्ये तीन राज्ये आणि केंद्र सरकार यांनी करार केला. कुणाचा पाण्याचा हक्क काढून घ्यायचा नाही, पण मासा वाढवायचा. मासा वाढत राहिला तरच पाण्याच्या योजनांना अभय. आज अशा दोन हजारांहून अधिक योजना या छत्राखाली आहेत. म्हणजे मासा मेला तर पाटावरचा शेतकरीही अडचणीत, अशी गाठ मारून ठेवली.

सर्वात अडलेली जागा म्हणजे पॅलिसेड ते ग्रँड जंक्शन हा पंधरा मैलांचा पट्टा. वर कालव्यांची तोंडे, शेजारी पीच फळांच्या बागा, मका, लसूणघास. उन्हाळा उतरता उतरता नदीत मासा पोहण्याइतकेही पाणी उरत नसे. आता कालव्याचे गणित तुम्ही जाणताच. मोरीपर्यंत पातळी चढावी म्हणून कालवा गरजेपेक्षा जास्त भरून चालवावा लागतो. तिथेही तेच होते. जादा पाणी शेवटी नदीतच पडे, पण ते पंधरा मैल ओलांडून गेल्यावर. मग कालव्यात जागोजागी दारे बसवली. थोड्या पाण्यात पातळी चढू लागली, शेताला पाणी पूर्वीसारखे मिळाले, आणि वाचलेले पाणी वरच्या ग्रीन माउंटन धरणात राहिले. तेच ऑगस्टनंतर माशांसाठी नदीत सोडतात. खर्च या योजनेतून झाला, म्हणून शेतकऱ्यांनीही फार कुरकुर केली नाही. मला तर सगळ्या प्रकरणात हीच युक्ती मोलाची वाटते.

कालव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या, नाहीतर मासा पाटातून थेट शेतात. बंधाऱ्यांना माशांसाठी शिड्या केल्या. प्राइस-स्टब नावाचा बंधारा तर १९१९ पासून वापरातच नव्हता, तरी नदी अडवून बसला होता. त्याची शिडी २००८ मध्ये झाली.

धरणाचे पाणी सोडायची रीतही बदलली. २०१२ पासून ग्रीन नदीत रात्री दिव्याचे सापळे लावून रेझरबॅकचे जिरे सापडतात का ते पाहतात. जिरे दिसले की मगच फ्लेमिंग गॉर्जमधून मोठे पाणी सोडतात. ते काठावरच्या पाणथळीत शिरते आणि जिरे त्या उबदार, संथ पाण्यात जाऊन पडतात. स्ट्युअर्ट लेक या पाणथळीतून पुढे शेकडो बोटुकल्या नदीत परतल्या. पेरणी पंचांगाऐवजी वापसा पाहून करावी, तसा हा प्रकार.

हिशेब अजून जमेचा नाही. हंपबॅक चब २०२१ मध्ये धोक्याच्या सर्वात वरच्या यादीतून एक पायरी खाली आला. रेझरबॅक मुख्यतः उबवणी केंद्रातून सोडून टिकवला आहे. बोनीटेल तर जवळजवळ सगळाच केंद्रातला. पाइकमिनो मात्र घटतोच आहे. बाहेरून आणलेले बास आणि पाइक मासे त्याची पिल्ले खातात, आणि दुष्काळात पाणी कमी व कोमट झाले की बास जास्तच माजतो. दरवर्षी होड्या घालून त्यांना वेचून काढावे लागते, तण काढावे तसे.

आणि उन्हाळा उतरू लागला की धरणवाले, कालवेवाले आणि मासेवाले दर आठवड्याला फोनवर एकत्र येतात. पंधरा मैलांत आज पाणी किती, आणि या आठवड्यात कुणाच्या धरणातून किती सोडायचे, ते तिथे ठरते.