खुले आकाश आणि ५७६ ओळींची मराठी

'फुकट' आणि 'मोफत' हे शब्द मराठीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले, तरी त्यांत एक सूक्ष्म फरक आहे. फुकट मिळालेली वस्तू फुकट जाऊही शकते. 'मोफत'ला व्यर्थतेची ही छटा नाही. 'फ्री टू एअर' या संज्ञेतल्या 'फ्री'ला मात्र या दोहोंपैकी एकही शब्द नेमका लागू पडत नाही. तिथे किमतीपेक्षा कुलपाचा प्रश्न आहे. प्रक्षेपण सांकेतिक केलेले नाही, ते उलगडण्यासाठी कोणाकडून किल्ली घ्यावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून त्याला 'खुले प्रक्षेपण' म्हणावे असे मला वाटते. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. आकाश कोणासाठी खुले आहे आणि कोणत्या भाषेत खुले आहे, हा प्रश्न एका साध्या यंत्राने माझ्यासमोर उभा केला आणि त्याविषयीच येथे लिहायचे आहे.

यंत्र म्हणजे खुल्या वाहिन्या दाखवणारा नवा एचडी रिसीव्हर. गेले काही आठवडे तो घरी लावून मी तपासतो आहे. दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तीच पुढे 'डीडी फ्री डिश' झाली. तिला मासिक शुल्क नाही. एकदा छत्री आणि खोका विकत घेतला की संपले. तिच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. महाराष्ट्रातून पाहता ही दिशा जवळजवळ आग्नेय येते. (वास्तुशास्त्राने आग्नेय दिशा स्वयंपाकघराला दिली आहे, आमच्या गच्चीवर ती पाण्याच्या टाकीने अडवलेली असल्याने छत्री दुसऱ्या कोपऱ्यात न्यावी लागली.) गंमत अशी, की उपग्रह आपल्याकडून क्षितिजाच्या वर साधारण साठ अंशांवर असतो, पण छत्रीचे तोंड त्यापेक्षा बरेच खाली पाहताना दिसते. तिची रचनाच तशी असते. लहरी तिरप्या येऊन खालून पुढे आलेल्या दांडीवरच्या एलएनबीकडे जमा होतात. नवशिका माणूस छत्री नको इतकी वर करतो आणि सिग्नल घालवून बसतो.

जोडणी झाल्यावर मेनूत शिरावे लागते. ११०९०, २९५०० असे आकडे भरून वाहिन्या शोधाव्या लागतात किंवा 'ऑटो स्कॅन'वर विसंबावे लागते. खोक्याच्या मेनूत भाषांची यादी बरीच लांब होती, मराठी नव्हती. निर्मात्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दुकानातल्या दुसऱ्या दोन खोक्यांतही ती नव्हती. बाकी यंत्र चांगले आहे. वाहिनी चटकन बदलते, यूएसबीवर कार्यक्रम उतरवून ठेवता येतो, आवाज स्वच्छ आहे. जोराचा पाऊस आला की चित्राचे चौकोनी तुकडे होतात. तो खोक्याचा दोष नव्हे. या सेवेच्या केयू पट्ट्यातल्या लहरी पाऊस शोषून घेतो आणि छत्री लहान असल्याने हाताशी फारसे राखीव बळ नसते.

खरी परीक्षा चित्राची. एमपीईजी-४ पद्धतीने येणाऱ्या दूरदर्शनच्या मोजक्या एचडी वाहिन्या या खोक्यावर खरोखरच सुंदर दिसतात. संचलनातल्या घोड्याच्या आयाळीचे केस मोजावेत इतके. पण पुष्कळ वाहिन्या अजून जुन्या एमपीईजी-२ पद्धतीने येतात, आणि मी पाहिले तेव्हा 'सह्याद्री' त्यांतलीच एक होती. या चित्रात आडव्या ओळी असतात ५७६. खोका त्या ताणून १०८० करतो आणि टीव्हीचा पडदाही कोपऱ्यात '१०८०' असा निर्वाळा देतो. वाढलेल्या ओळींत नवे काहीच नसते. दोन ओळींच्या मधली जागा यंत्राने अंदाजाने भरलेली असते. त्यात जुने कार्यक्रम चारास तीन या प्रमाणात चित्रित झालेले. खोका ते आपण होऊन सोळास नऊच्या पडद्यावर पसरतो आणि मग नाट्यसंगीत गाणाऱ्या बुवांचा चेहरा रुंद होतो, तंबोऱ्याचा भोपळा लंबगोल होतो. मेनूत जाऊन 'पिलर बॉक्स' हा पर्याय निवडला की भोपळा पुन्हा गोल होतो. किती घरांत तो निवडला जात असेल?

हे सारे तांत्रिक झाले. खटकले ते यादीचे. मोफत वाहिन्यांची ती लांबलचक यादी वरून खाली पाहत गेलो, तर हिंदी मनोरंजन, हिंदी चित्रपट, हिंदी बातम्या, भोजपुरी, भक्ती. मराठी वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, आणि खासगी मराठी वाहिन्यांचा तर नेमही नाही. या लिलावात आहेत, पुढच्यात असतीलच असे नाही. प्रसार भारती या सेवेतल्या जागा लिलावाने देते. बोलीची आरंभीची किंमत भाषा आणि प्रकार पाहून ठरते आणि हिंदी मनोरंजनाची जागा सर्वांत महाग. ती महाग असूनही घेतली जाते, कारण जाहिरातीचा पैसा तिथे आहे. हा पैसा चंचलही आहे. मार्च २०१९ मध्ये मोठ्या प्रसारकांनी आपल्या मोफत हिंदी मनोरंजन वाहिन्या येथून काढून घेतल्या आणि २०२० मध्ये त्या परतही आणल्या.

याचे कारण कोणाचा मराठीद्वेष, असे मी म्हणणार नाही. कारण उपग्रहाच्या स्वभावात आहे. जमिनीवरच्या मनोऱ्याला गाव असते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला त्याचे सहक्षेपण मिळू लागले. त्या लहरी जिथवर पोचत, तिथवर मराठी माणसे राहत होती. मराठीसाठी वेगळी जागा मागावी लागत नव्हती. मनोऱ्याचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. १९८४ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत उभारलेली लघुशक्ती केंद्रे उपग्रहावरून येणारी दिल्लीच दाखवत आणि मराठवाड्या-विदर्भातल्या कितीतरी घरांत टीव्ही प्रथम आला तो हिंदी बोलतच. तरीही मनोऱ्यावरून काय दाखवायचे, हा निदान त्या प्रदेशापुरता प्रश्न होता. २०२२ पर्यंत दूरदर्शनने आपले बहुतेक सर्व ॲनालॉग मनोरे बंद केले. जीसॅट-१५ चा झोत एकाच वेळी साऱ्या देशावर पडतो. त्यावरची एक जागा हिंदीने घेतली तर ती अनेक राज्यांत पाहिली जाते. मराठीने घेतली तर मुख्यतः एका राज्यात. आरंभीची किंमत भाषा पाहून ठरत असली, तरी जागा दोन्ही वेळी साऱ्या देशावर पडणाऱ्या झोतावरचीच असते. प्रदेश असलेली भाषा प्रदेश नसलेल्या बाजारात उभी केली की तिचे असे होते.

परिणाम चमत्कारिक आहे. महाराष्ट्रात ज्याला दरमहा पैसे भरणे परवडते त्याला हव्या तेवढ्या मराठी मालिका, मराठी चित्रपट, मराठी बातम्या मिळतात. ज्याला परवडत नाही त्याला हिंदी मिळते. इंग्रजीच्या बाबतीत आपण वर्गभेदाची चर्चा पुष्कळ केली. मराठीच स्वतःच्या राज्यात सशुल्क होते आहे, याकडे लक्ष गेले नाही. माझ्या वर्गात येणारी मुले बहुतांशी वाड्या-तांड्यांवरची, घरी छत्री असणारी. त्यांच्या निबंधांत 'मला लक्षात आले'च्या जागी 'मला समजमध्ये आले' येते, तेव्हा मी लाल शाई वापरतो आणि वापरताना अवघडतोही. भाषा संकराने बिघडते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. फारसीने मराठीचे काय वाकडे केले? पण संकराला दोन भाषा लागतात. संध्याकाळी तीन तास घरात एकीचाच आवाज असेल, तर दुसरी कोणाशी मिसळणार?

यावर 'सह्याद्री आहे ना' असे उत्तर मिळते. आहे, आणि ती या सेवेत हक्काने आहे. म्हणूनच तिच्याविषयी बोलले पाहिजे. ज्या घराला दुसरी मराठी वाहिनी मिळण्याची शाश्वती नाही, त्याच्यासाठी ती वैकल्पिक नाही. तिचे चित्र सर्वांत आधी एचडी व्हायला हवे होते. जुन्या चित्रफिती योग्य प्रमाणात, नीट सांगून-सवरून, ठरल्या वेळी दाखवायला हव्यात. साहित्य, नाटक, शेती, कायदा हे विषय सरकारी कार्यक्रमाच्या सुरात येऊ नयेत. मार्च २०२०च्या टाळेबंदीत रामायण मालिका पुन्हा दाखवली तेव्हा माणसे दूरदर्शनकडे परतली होती, हे विसरू नये. माणसे जुन्या चित्रालाही येतात. त्यांना काही पाहायला मिळाले पाहिजे.

दुसरे उत्तर मोबाइलचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे ॲप आणले, यूट्यूबवर तर मराठीचा महापूर आहे. पण फोन एकाचा असतो आणि त्यात डेटा भरावा लागतो. म्हणजे पुन्हा पैसे आलेच. छत्रीखाली आजी, सून आणि शाळकरी मुलगा एकत्र बसतात आणि तिघांना एकच वाक्य ऐकू येते.

तेव्हा मागणी एवढीच: लिलावापूर्वीच प्रत्येक मोठ्या प्रादेशिक भाषेसाठी ठरावीक जागा बाजूला काढाव्यात आणि त्यांची किंमत झोताच्या नव्हे, त्या भाषेच्या प्रदेशाच्या मापाने लावावी. मराठी भाषेच्या नावाने खर्च करणाऱ्या राज्य शासनाला गौरवदिनाच्या कमानींपेक्षा अशी एक जागा घेणे जड जाऊ नये. आणि खोका बनवणाऱ्यांनी मेनूत मराठी घालावी. त्याला तर लिलावही लागत नाही.