लांबच्या गाडीचा सौदा : आधी कागद, मग पैसे



मोबाईलवर गाडी पसंत करायची, फोनवर भाव ठरवायचा आणि शेकडो किलोमीटरवरून ती दारात मागवायची, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. आज आपण वाराणसीचं उदाहरण घेऊ. काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या भागांत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. समजा, त्यातल्या एका घराला गाडी घ्यायची आहे. गल्लीत ती शिरणार नाही, बाहेरच लावावी लागेल. पण आजोबांचा दवाखाना, स्टेशन, लग्नकार्य यांसाठी हवी. साठवलेले चार लाख रुपये आहेत. आणि मोबाईलवर दिल्लीच्या एका डीलरची गाडी दिसते, गावातल्या भावापेक्षा चांगलीच स्वस्त. घ्यावी का?

आधी विचारा, स्वस्त का? याला एक सरळ कारण असू शकतं. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणी कधी कडक, कधी सैल होत राहिली. त्यामुळे आठ वर्षांची डिझेल गाडी तिथे उतरणीला लागते. वाराणसी त्या क्षेत्रात येत नाही आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे तीच गाडी काशीत आणखी काही वर्षं चालू शकते. तरीही एवढ्या जुन्या, बाहेरच्या गाडीची नोंद आपलं आरटीओ करून घेईल का, हे पैसे देण्याआधी तिथे जाऊन विचारा.

दुसरी कारणं मात्र वाईट असतात : अपघात, पुराचं पाणी, थकलेलं कर्ज. फोटोत ती दिसत नाहीत. म्हणून व्हिडिओ कॉलवर समोरच्याला कामाला लावा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायला सांगा, गाडी पाण्यात बुडालेली असेल तर पट्ट्यावर मातीची रेघ सापडते. डिकीतलं जादा चाक उचलून खालचा गंज दाखवायला सांगा. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. चासी नंबर कॅमेऱ्यासमोर धरून आरसी बुकाशी ताडून पाहा. जो 'नंतर दाखवतो' म्हणतो, त्याला आपणही 'पैसे नंतर देतो' म्हणावं.

मग कागद. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी यांची माहिती मिळते. ई-चलनच्या संकेतस्थळावर थकलेले दंड दिसतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. आणि परराज्यातली गाडी असल्यानं फॉर्म २८, म्हणजे जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, तेही वाराणसीच्या नावे. हे एक पान नसेल तर चकचकीत गाडी असूनही ती तुमच्या नावावर होत नाही. 'एनओसी मागाहून कुरिअर करतो' या बोलण्यावर सौदा संपवू नका.

डीलर खरा आहे का, हेही तपासता येतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मूळ मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंदही ऑनलाइन करायची असते. प्रमाणपत्राची प्रत मागा. खरा धंदेवाला त्यावर रागावत नाही.

लांबचा व्यवहार काशीला नवा नाही. महाराष्ट्रातून काशीयात्रेला निघालेली माणसं वाटेतल्या चोरांच्या भीतीनं रोकड कमी आणि सावकाराची हुंडी जवळ ठेवत. त्यात 'शहाजोग हुंडी' असा एक प्रकार होता. तिचे पैसे पत असलेल्या माणसालाच द्यायचे, आणि ती पत तपासण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असे. आज मराठीत शहाजोग म्हणजे सभ्यपणाचा आव आणणारा! शब्द कसा घसरला पाहा. मोबाईलवर असे नवे शहाजोग पुष्कळ भेटतात. 'मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी तातडीनं विकायची आहे' असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतात. मग गेट पास, वाहतूक, परत मिळणारी अनामत अशा नावांनी थोडे थोडे पैसे उकळतात. गाडी कधी येतच नाही. पैसे फर्मच्या बँक खात्यातच भरा, कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर नको. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि शक्य असेल तर एकदा जाऊन या. २०१९ पासून दिल्ली-वाराणसी वंदे भारत धावते, सुमारे आठ तासांचा प्रवास आहे. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेलात तर त्याचं भाडं आणि मजुरी धरूनही तो खर्च चार लाखांपुढे किरकोळ आहे.

गाडी आली, पेढे वाटले, तरी काम उरतंच. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता वाढू शकतो. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो, वाराणसीत तो यूपी ६५ ने सुरू होतो. त्यासाठी उत्तर प्रदेशचा रस्ता कर भरावा लागतो. हा कर गाडीच्या किमतीत आधीच मिळवा, मगच 'स्वस्त' म्हणा. दिल्लीत भरलेल्या कराच्या उरलेल्या वर्षांचा परतावा कुणी मागायचा, तेही सौद्यातच ठरवून घ्या.

इतकं करूनही फसगत झाली तर? पूर्वी ग्राहकाला बहुधा विक्रेत्याच्या गावी जाऊन दाद मागावी लागे, म्हणून लोक गप्प बसत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि ही अडचण दूर झाली. आता तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार तिथे चालतात आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मात्र हा कायदा व्यापाऱ्याला लागू आहे. आपली स्वतःची एकच जुनी गाडी विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध तो सहसा कामी येत नाही. डीलरकडून घेण्याचा हा एक मोठा फायदा, पण त्यासाठी पक्कं बिल हातात हवं. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि व्हिडिओ जपून ठेवा. गाडी उतरवून घेतानाच किलोमीटरचा आकडा आणि चारही बाजूंचे फोटो काढा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा वाद राहत नाही.

दोन नंबर आत्ताच मोबाईलमध्ये साठवा : १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि १९३० ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी. १९३० ला जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

वाचकहो, चार लाख जमवायला घराला वर्षं लागतात, ते जायला एक बोट पुरतं. म्हणून कागद समोर आल्याशिवाय ते बोट 'पे' वर टेकवू नका. तुमच्या घरात कुणी गाडी शोधत असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.