काठी छताला टेकली!

भाऊबीजेला शिरूरला सासुरवाडीस गेलो होतो. ओवाळणी आटोपते न आटोपते तोच मेहुण्यांनी विषय काढला : यंदा बाजरी-कांदा पुरे, ऊस लावायचा. "पाऊस काय दाजी, वर्षाला वर्ष सारखंच!"

"मामा, आजोबांच्या वह्या काढा," आमची सुमी म्हणाली.

सासरेबुवा पर्जन्यमापकाचे आकडे नेमाने टिपत. दौंडला रेल्वेत असलेले चुलत सासरेही तसेच. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. तिथे थेंबाथेंबाचा हिशोब!

सुमीने आकडे संगणकावरच्या ज्युपिटर नोटबुकात भरले. (हे नाव ज्युलिया, पायथन आणि आर या संगणक-भाषांवरून पडले; जन्मपत्रिकेशी संबंध नाही.) पायथनमध्ये तिने एक छोटे फंक्शन लिहिले : गाव आणि साल सांगा, तिथून पाच वर्षांचा पाऊस काठ्यांनी काढून मिळेल. ते 'इंटरॅक्ट'च्या हवाली करताच चित्रावर सालांची सरकपट्टी उमटली, शेजारी शिरूर-दौंडची यादी. खटका सरकवला की नव्या सालाने फंक्शन पुन्हा चालते. जादू ती एवढीच!

आधी जरा सरकवले की चित्र थरथरे. मग 'कंटिन्युअस अपडेट' बंद केले. आता हात उचलल्यावरच चित्र निघते. (चर्चेत मेहुण्यांनाही अशी सोय हवी होती.)

मेहुणे खूश! "बघा दाजी, कुठलीही पाच वर्षं घ्या, उंच काठी छताला टेकलेलीच!" मलाही पटले.

चकल्यांचे ताट घेऊन आलेली आमची ही थबकली. "१९७२ साली मी सहा वर्षांची होते. विहिरीच्या तळाला बादली घासायची. आणि इथे छताला?"

सुमी वरमली. चूक उभ्या मापाची होती. दर वेळी सर्वांत उंच काठी मावेल असे माप संगणक आपणच धरतो. कोरड्या पाच वर्षांतली त्यातल्या त्यात बरी काठीही छत गाठते! तिने 'सेट-वायलिम'ने शून्यापासून साऱ्या वह्यांतल्या सर्वाधिक पावसापर्यंत माप कायमचे बांधले.

मेहुण्यांनी पट्टी पुन्हा १९७० वर आणली. काठ्या पार बसल्या. त्यांनी ती पुढे नेली, मागे आणली, दौंड निवडून पाहिले. तिथेही तेच.

बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "दाजी, मी बेण्याचा विसार देऊन बसलोय हो!"